घंटागाडी आली नाही तरी घरात कचरा तुंबू नये म्हणून काय करायचं

सोलापूर वाढायलंय हे वेगळं सांगायला नको. जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड, शेळगी, बाळे, देगाव, जिकडं बघाल तिकडं नवीन लेआउट आणि नवीन अपार्टमेंट. १९९२ ला हद्दवाढ झाली, आजूबाजूची गावं शहरात आली आणि तेव्हापासून शहर बाहेरबाहेरच सरकत चाललंय. २०११ च्या जनगणनेत आपण साडेनऊ लाख होतो, त्यानंतर वस्ती किती पसरली ते रोज डोळ्यानं बघतोच आहे. नवीन भागात काय होतं, घर आधी होतं, रस्ता नंतर, ड्रेनेज त्याच्याही नंतर, आणि घंटागाडीचं वेळापत्रक बसेपर्यंत कोपऱ्यावरच्या मोकळ्या प्लॉटची कचराकुंडी झालेली असते. एकदा झाली की मग ती मोडत नाही लवकर.

मला ह्या विषयावर लई कळकळीनं लिहावंसं वाटतंय कारण हे घरातल्या घरात बऱ्यापैकी सुटतं, फक्त सुरुवात कुठून करायची ते कोण नीट सांगत नाही. सगळे म्हणतात ओला सुका वेगळा करा. का, ते सांगत नाहीत. तर खरं कारण असं, ओला कचरा थांबत नाही आणि सुका थांबतो. भाजीची देठं, सालं, उरलेलं वरण भात आपल्या उन्हाळ्यात चोवीस तासात वास मारायला लागतं, अळ्या होतात, मग माणूस वैतागतो आणि गाठ मारून पिशवी प्लॉटवर भिरकावतो. पण धुवून वाळवलेली तेलाची पिशवी, पुठ्ठा, बाटली महिनाभर पोत्यात पडून राहिली तरी काही होत नाही. म्हणजे ओल्याची सोय घरात लागली तर गाडी आज आली काय नि परवा आली काय, तुमचं काही अडत नाही. घरातल्या कचऱ्याचा वजनानं निम्मा किंवा त्याहून जास्त भाग ओलाच असतो, त्यामुळं तिथंच हात घालायचा.

आणि वेगळा केलेला कचरा पुढं परत एकत्रच होतो असं म्हणणारे खूप आहेत, कधी कधी होतही असेल, पण मिसळलेल्या कचऱ्याचं पुढं काय होतं ते बघा. तुळजापूर रोडला डेपो आहे, तिथं कचऱ्यापासून गॅस नि वीज तयार करायचा प्रकल्पही उभा राहिला, आता तो गॅस जिवाणू करतात आणि त्यांना खायला फक्त ओला कचरा लागतो, प्लास्टिक, चिंध्या, माती, काच त्यात गेली की यंत्रणा अडकते. आणि उघड्यावर ढिगात दबलेला ओला कचरा हवा न मिळाल्यानं मिथेन सोडतो, तो पेट घेणारा गॅस, वर आपलं बेचाळीस त्रेचाळीस डिग्रीचं ऊन आणि मध्ये भरपूर प्लास्टिक, मग उन्हाळ्यात डेपोला आग लागली की धूर कुणाच्या घरात जातो, त्याच भागातल्या लोकांच्या. आपल्या किचनमधल्या दोन डब्यांचा संबंध थेट तिथपर्यंत आहे.

तर आता ओल्याचं कसं करायचं.

झाकणाचे दोन ड्रम किंवा मोठ्या बादल्या घ्या, चार माणसांच्या घराला साधारण प्रत्येकी चाळीस पन्नास लिटरचे पुरतात. रंगाचे रिकामे डबे भंगारवाल्याकडं मिळतात, नीट घासून घ्यायचे. सळई तापवून बाजूनं सगळीकडं आणि तळाला भोकं पाडा, पेन्सिल जाईल एवढी, कारण आत हवा खेळली पाहिजे, हवा नसली की सडतं आणि हवा असली की कुजून खत होतं, सगळा फरक इथंच आहे. आतून भोकांवर मच्छरदाणीची जाळी चिकटवली तर माश्या जात नाहीत. ड्रम दोन विटांवर ठेवा, खाली जुनं ताट. तळाला चार बोटं सुका पाला नाहीतर नारळाच्या शेंड्या पसरा, त्यावर दोन मुठी जुनं शेणखत किंवा थोडं आंबट ताक शिंपडा. विकतचं कल्चर, म्हणजे कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंचं विरजण, मिळतं, घेतलं तरी चालतं, पण त्यावाचून अडत नाही.

मग रोज रात्री ओटा आवरताना दिवसभराचा ओला कचरा त्यात टाकायचा आणि त्यावर तेवढ्याच मापाचा, जमलं तर थोडा जास्तच, सुका माल टाकून झाकायचं. हे झाकणं चुकवायचं नाही. सुका माल म्हणून सगळे कोकोपीट (नारळाच्या शेंड्यांचा भुसा) घ्या म्हणतात, पण त्याला पैसे पडतात आणि आपल्या जिल्ह्यात सुक्या मालाला काही कमी आहे का. कडब्याची कुट्टी कुठल्याही गोठ्यावर मिळेल. चटणीसाठी शेंगा फोडल्या की टरफलं उरतात, ती लाटण्यानं जरा चुरून घ्या म्हणजे लवकर कुजतात. कडुलिंबाचा वाळलेला पाला रस्त्यावर ढिगानं पडलेला असतो जो लोक झाडून पेटवतात. रसवंतीवरचं उसाचं चिपाड चांगलं आहे पण बारीक तोडायला लागतं. सुतारकामाचा भुसा चालतो, मात्र प्लायवूड किंवा सनमायकाचा नको, त्यात डिंक आणि केमिकल असतं. पूर्व भागात आणि विडी घरकुलात ज्या घरात विड्या वळतात तिथं तेंदूपत्त्याच्या कातरणाचा रोजचा ढीग असतो, तोही सुका माल म्हणून वापरता येतो, पान जाड असल्यानं वेळ घेतं, म्हणून बारीक करून थोडं थोडं टाका आणि तंबाखूची धूळ मात्र त्यात जाऊ देऊ नका. लूमवरचा सुताचा कचरा निव्वळ कॉटन असेल तरच मूठभर, पॉलिस्टर मिक्स असला तर तो कुजत नाही.

काय टाकायचं, तर भाजीची देठं, सालं, चहाचा चोथा (साखर धुवून, नाहीतर मुंग्या), अंड्याची टरफलं चुरून, शिळी भाकरी चपाती तुकडे करून, वरण भात पाणी निथळून. काय टाकायचं नाही, तर मटणाची हाडं, मासे, तेलकट रस्सा, नारळाची करवंटी. आंब्याची कोय तर वर्षभर तशीच दिसते त्यात, ती गाडीला द्या. रविवारची हाडं वर्तमानपत्रात गुंडाळून एका डब्यात घालून शक्यतो फ्रीजरच्या कोपऱ्यात ठेवा आणि गाडी आल्यावर द्या, ऐकायला कसंतरी वाटतं पण कुत्री मांजरं दारात येत नाहीत.

सोलापुरात एक गोष्ट पुण्या-मुंबईच्या व्हिडिओत सांगतात त्याच्या उलटी आहे. तिकडं सगळा त्रास ओलीचा असतो, पाणी सुटतं, वास येतो. आपल्याकडं मार्चपासून जून येईपर्यंत त्रास कोरडेपणाचा. ड्रम गच्चीवर उन्हात ठेवला की चार दिवसात आतला माल खडखडीत वाळतो आणि कुजणं जागच्या जागी थांबतं, लोकांना वाटतं वास येत नाही म्हणजे चांगलं चाललंय, पण ते नुसतं वाळलेलं असतं, पुढं पाऊस पडला की तिथून परत सुरू होतं. म्हणून ड्रम सावलीत पाहिजे, उत्तरेची किंवा पूर्वेची बाजू, जिन्याखाली, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला. आतला माल मुठीत धरून दाबून बघा, हात ओलसर झाला आणि एखाद दुसरा थेंब आला तर बरोबर आहे. मूठ उघडल्यावर भुरभुरला तर पाणी कमी, पाणी गळायला लागलं तर सुका माल कमी. आता नळाला पाणी रोज येत नाही त्या गावात कचऱ्याला पाणी कुठून घालायचं हा प्रश्न रास्त आहे, तर त्यासाठी वेगळं पाणी नको, तांदूळ डाळ धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी एका तपेल्यात ठेवा, तेवढं पुरतं. आरओचं वाया जाणारं पाणी रोज घालू नका, त्यात क्षार जास्त असतात आणि ते खतात साठत जातात. उन्हाळ्यात वरून ओलं गोणपाट टाकलं तरी खूप फरक पडतो.

आठवड्यातून दोनदा काठीनं किंवा जुन्या उलथन्यानं खालीवर करा. वास आला तर ओल जास्त आहे किंवा हवा कमी आहे, हलवा आणि सुका माल वाढवा. मुंग्या लागल्या तर कोरडं पडलंय. चिलटं झाली तर वरचं झाकणं कमी पडतंय. पांढरी बुरशी दिसली तर उलट चांगलं, ती काम करायलीय. गुबगुबीत करड्या अळ्या दिसल्या तर घरातल्या बायामाणसं घाबरतात आणि सगळं फेकून देतात, तसं करू नका, त्या घरमाशीच्या नसून दुसऱ्याच माशीच्या असतात, रोग पसरवत नाहीत आणि कचरा झपाट्यानं खातात. नकोच असतील तर सुका माल वाढवून ओल कमी करा, आपोआप कमी होतात.

पहिला ड्रम महिना दीड महिन्यात भरतो, कारण माल रोज खाली बसत असतो. भरला की बाजूला ठेवा, दुसरा सुरू करा. दुसरा भरेपर्यंत पहिल्यातलं काळं भुसभुशीत खत तयार होतं, वळवाचा पहिला पाऊस पडल्यावर मातीला येतो तसा वास आला की समजायचं झालं. चाळणीतून चाळायचं, वर राहिलेलं जाडंभरडं परत नवीन ड्रममध्ये घालायचं, तेच पुढचं विरजण. कुंडीला एक भाग खत तीन भाग माती, नुसत्या खतात झाड लावू नका. आणि कुंड्या नसल्या तरी खत पडून राहत नाही, बिल्डिंगपुढच्या झाडांना घाला, नाहीतर गावाकडं शेतावर न्या.

अपार्टमेंट असेल तर प्रत्येकानं वेगवेगळा ड्रम करण्यापेक्षा खाली विटांचे जाळीदार हौद बांधलेले बरे, तीन फूट लांब, तीन रुंद, तीन उंच, विटांमध्ये फटी ठेवून, वर पत्र्याचं छप्पर. बारा पंधरा फ्लॅटना असे दोन तीन आलटून पालटून पुरतात. मोठ्या ढिगाची गंमत अशी की मध्यभागी तो चांगलाच तापतो, पन्नास साठ डिग्रीपर्यंत, त्यानं तणाचं बी आणि रोगजंतू मरतात आणि काम लवकर होतं. अडचण हौदाची नसते, अडचण असते रोज कोण बघणार याची. मीटिंगमध्ये सगळे हो म्हणतात आणि मग एकटा माणूस करत राहतो, तो कंटाळला की बंद. म्हणून पहिल्याच दिवशी मेंटेनन्समधून थोडी रक्कम काढून वॉचमन किंवा सफाईवाल्या मावशींना ह्या कामाचे वेगळे पैसे ठरवा, फुकट वाढीव काम लावू नका. ज्या सोसायट्या, हॉटेलं, मंगल कार्यालयं दिवसाला शंभर किलोपेक्षा जास्त कचरा काढतात त्यांना तर २०१६ च्या घनकचरा नियमांनीच मोठे कचरा निर्माते धरलं होतं आणि ओला कचरा शक्यतो जागेवर जिरवा म्हणून सांगितलं होतं.

सुक्याचं सोपं आहे. एक पोतं दाराआड टांगा. त्यात जाणारी प्रत्येक वस्तू कोरडी पाहिजे एवढा एकच नियम. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, लटकता ठेवा, ते छोटे तुकडेच गटारीत जातात आणि कुठल्याच यंत्रात सापडत नाहीत. पिशवी, तेलाचं पाकीट भांडी विसळलेल्या शेवटच्या पाण्यात एकदा बुडवायचं आणि दोरीवर टाकायचं, आपल्या उन्हात दहा मिनिटात वाळतं, वेगळं पाणी लागत नाही. पुठ्ठा, रद्दी, बाटल्या, लोखंड, पत्रा भंगारवाला घेतो, दुधाच्या पिशव्याही बरेचजण घेतात, विचारून ठेवा. चिप्सची चकाकती पाकिटं, शाम्पूचे सॅशे, मावा-गुटख्याच्या पुड्या कोणी विकत घेत नाही कारण त्यात प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकाला चिकटलेले असतात, ते गाडीतल्या सुक्या भागातच द्या. आणि दारावर कचरा वेचणाऱ्या ताई मावशी येत असतील तर विकण्यासारखा माल त्यांना द्या, चार पैसे त्यांना मिळतील आणि मिसळलेल्या घाणीत हात घालायची वेळ त्यांच्यावर येणार नाही. जुने कपडे, फाटक्या चादरी, टॉवेल ह्याचं तर सोलापुरात सांगायलाच नको, कॉटनच्या चिंध्या गॅरेजवाले मशीन पुसायला घेतात, बरं असेल त्याची वाकळ होते, फक्त ओल्या कचऱ्यात टाकून त्याचं वाटोळं करू नका.

तिसरा भाग वेगळा ठेवायचाच. पॅड आणि डायपर वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळून त्यावर लाल पेननं मोठा ठिपका काढा, म्हणजे पुढं कचरा वेगळा करणाऱ्या माणसाला उघडून बघायला लागत नाही. फुटलेली काच आणि ब्लेड पुठ्ठ्याच्या खोक्यात, वर काच म्हणून लिहा. घरात कोणी इन्सुलिन घेत असेल तर सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत साठवा, झाकण घट्ट लावून द्या. सेल, ट्यूबलाईट, सीएफएल, जुने मोबाईल चार्जर हे एका खोक्यात साठवा, ट्यूब आणि सीएफएलमध्ये पारा असतो, फोडू नका. हे सगळं लिहायचं कारण एकच, गाडीवर उभा असलेला माणूस बऱ्याचदा हातमोज्याशिवाय काम करतो आणि आपल्या आळसानं त्याचा हात कापतो, हे मला सहन होत नाही.

आता मोकळा प्लॉट. लेआउटमध्ये ढीग कसा सुरू होतो ते निरखून बघा, पहिल्यांदा कचरा पडतच नाही. पहिल्यांदा पडतो मलबा. कुणाचं तरी बांधकाम निघतं, फुटक्या फरश्या, विटांचे तुकडे, सिमेंटच्या पोत्या बाजूच्या प्लॉटवर जातात, मग त्यावर झाडाच्या फांद्या, मग एक गादी, आणि मग रात्री पिशव्या सुरू. पाठोपाठ डुकरं, कुत्री आणि घुशी. म्हणून घराचं काम काढताना ठेकेदाराशी बोलतानाच मलब्याचं ठरवून घ्या, विटा फरश्यांचे तुकडे तुमच्याच कंपाउंडच्या भरणीत, पोर्चखाली, रॅम्पखाली जिरतात, जुन्या खिडक्या दारं विकली जातात, उरलेल्याची ट्रॉली कुठं जाणार ते त्याच्याकडून लिहून घ्या. गाठ मारलेल्या पिशवीत शिळं अन्न घालून गाईला म्हणून ठेवणाऱ्यांना हात जोडून सांगणं आहे, गाय पिशवीसकट गिळते, ती पिशवी तिच्या पोटातून बाहेर येत नाही आणि शेवटी जनावर त्यानंच जातं. द्यायचं असेल तर हातानं द्या, नाहीतर पाटीत ठेवा.

पेटवायचं तर अजिबातच नाही. थंडीत सकाळी सकाळी पाला आणि त्यासोबत प्लास्टिक पेटवायची सवय सगळीकडं आहे. पीव्हीसी जळाल्यावर डायऑक्सिनसारखे विषारी पदार्थ सुटतात, ते शेजारच्या लहान लेकरांच्या आणि दम्याच्या माणसांच्या छातीत जातात. राष्ट्रीय हरित लवादानं डिसेंबर २०१६ मध्येच उघड्यावर कचरा जाळण्यावर बंदी घातलीय, साध्या जाळण्याला पाच हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळलं तर पंचवीस हजार दंड. पण दंडाची भीती घालण्यापेक्षा शेजाऱ्याला म्हणा की तो पाला मला द्या, माझ्या ड्रमला लागतो. हे खरंच चालतं, भांडण न होता.

आणि प्लॉटवर ढीग झालाच असेल तर आधी तक्रार आणि मग साफसफाई असं करू नका, दोन्ही एकाच आठवड्यात जुळवा, कारण नुसता उचलला तर चार दिवसात परत भरतो. स्वच्छता ॲपवर फोटो आणि लोकेशनसकट तक्रार टाका, तिचा नंबर जपून ठेवा. दुसरीकडं महापालिकेच्या तुमच्या झोन ऑफिसला आरोग्य निरीक्षकांना लेखी अर्ज द्या, पाच दहा घरांच्या सह्या घेऊन, एकट्याचा देऊ नका, आणि पोच घ्या. अर्जात नुसतं घाण झालीय असं लिहू नका, गाडी कुठल्या वेळी येते, कुठल्या गल्लीत वळत नाही, का वळत नाही, रस्ता अरुंद आहे का खड्डा आहे ते लिहा, नेमकं लिहिलेल्या अर्जावर काम होतं. प्लॉटचा मालक बाहेरगावी असतो बऱ्याचदा, त्याचा पत्ता काढून फोन करा, तारेचं कुंपण घालायला सांगा, त्यालाही प्लॉट विकताना घाण नको असते. ढीग उचलला गेला की त्याच दिवशी संध्याकाळी तिथं काहीतरी ठेवा, चार कुंड्या, एक बाकडं, लाईट लावून घेता आली तर उत्तम, कारण पिशव्या अंधारातच पडतात. पहिले पंधरा दिवस गल्लीतल्या कुणीतरी रात्री जेवल्यावर तिकडून चक्कर मारायची, कोणी पिशवी घेऊन आलंच तर आरडाओरडा न करता त्याला गाडीची वेळ सांगायची. ॲपवर तक्रार बंद झाल्याचा मेसेज आला आणि ढीग तिथंच असेल तर गप बसू नका, जुना नंबर लिहून त्याच जागेचा ताजा फोटो परत टाका.